पावतीवर उरलेला दिवस

धनजमध्ये गाडी लावायला पैसे लागत नाहीत. कारंजा तालुक्यातल्या या गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, पण ठाण्यासमोर फटफटी लावली तरी पावती फाडायला कोणी येत नाही. निंबाखाली लावा, पाराला टेकवा, कोणाच्याही ओट्यापुढे उभी करा. फार तर त्या घरातली म्हातारी आतून ओरडते, "कोनाची गाडी हाये ते?" नाव सांगितलं की पुढचा प्रश्न गाडीचा नसतो, पोराच्या सोयरिकीचा असतो. तेव्हा उरलेली पार्किंगची पावती परक्या माणसाला देणं पुण्य की पाप, असला पेच आमच्या गावात उगवायचं कारणच नव्हतं. तो अमरावतीहून आला, दवाखान्याच्या फायलीसोबत.

धनजचं किरकोळ दुखणं कारंजात बरं होतं. नाही झालं की अमरावती. तिथं एका दवाखान्याच्या आवारात मोटारसायकल लावायला वीस रुपये, आणि पावतीवर ठसठशीत छापलेलं : 'पूर्ण दिवस'. माझे आतेभाऊ ती पावती घेऊन आत गेले आणि डॉक्टर परगावी गेल्याचं ऐकून लगेच बाहेर आले. खिशात जवळजवळ अख्खा दिवस शिल्लक. आगपेटीतली जळकी काडीसुद्धा कान कोरायला जपून ठेवणारा माणूस हा. त्याला दिवस फेकवेना. गाडी काढून ते फाटकापाशी आले, तर समोरून एक अनोळखी गडी आपली गाडी घेऊन आत येत होता. भाऊंनी पावती पुढे केली.

"कितीले?" गडी म्हणाला.

"फुकट. मले नाही लागत आता."

गड्यानं आधी स्वतःचा खिसा चाचपला, मग भाऊंकडे पाहिलं. आमच्याकडे पैसे मागणाऱ्याची भीती वाटत नाही, फुकट देणाऱ्याची वाटते. तेवढ्यात पावत्या फाडणारा पोरगा खुर्चीवरून उठून आला.

"काकाजी, हे पावती तुमच्या गाडीची हाये. नंबर टाकला न मी. त्याईची गाडी येगळी."

"गाडी येगळी, पन जागा तर तेच हाये ना बाबू?"

पोरानं उत्तर दिलं नाही. पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरात होतं : 'वाहनाच्या नुकसानीस अथवा चोरीस ठेकेदार जबाबदार नाही.'

हे वाक्य दाखवून पोरानं भाऊंच्या हाती कोलीतच दिलं. संध्याकाळी गावात, चहाच्या टपरीवर, भाऊंचा युक्तिवाद पूर्ण तयार होता. ठेकेदार गाडीला जबाबदार नाही, म्हणजे त्यानं राखण विकलेली नाही. राखण नाही तर विकलं काय? चार हात जागा आणि तिच्यावरचा दिवस. तो दिवस मी रोख देऊन घेतला. माझा दिवस मी कोणालाही देईन. शिवाय त्याच चार हात जागेवर तो पोरगा संध्याकाळपर्यंत दहा जणांच्या पावत्या फाडतो. "एका दिवसात दहा पूर्ण दिवस इकनारा मानूस मले नीती शिकोते?"

टपरी खूश झाली. फक्त निवृत्त हेडमास्तर खूश झाले नाहीत. त्यांनी अमर्याद थाळीचा दाखला काढला. हॉटेलवाला पोटभर जेवा म्हणतो, पण तुम्ही अर्ध्यात उठलात म्हणून उरलेली भूक शेजाऱ्याच्या नावावर करता येत नाही. वीस रुपये हा दर बहुतेक लोक लवकर निघून जातील हे धरूनच ठरवलेला असतो. प्रत्येकानं पावती पुढे सरकवली तर उद्या ठेकेदार तीस करेल आणि भाऊंच्या दानाचे पैसे कोणा तिसऱ्याच पेशंटचा नातेवाईक भरेल. हिशोब बिनचूक होता. मास्तरांचे हिशोब बिनचूक असतात आणि चहाचे पैसे दुसरा कोणी देतो.

मला यात वेगळीच गोष्ट खटकली. आपल्याकडची पार्किंगची पावती ही नुसती पैशाची पावती नसते, गाडी सोडवून नेण्याची ती खूणही असते. पावती दाखवा, गाडी न्या. भाऊंनी गाडी बाहेर काढण्याआधीच औदार्य दाखवलं असतं, तर तो गडी पावतीसोबत गाडीही घेऊन नांदगाव खंडेश्वरच्या पुढे गेला असता, आणि ठेकेदार जबाबदार नाही हे छापलेलं होतंच. अर्थात असलं वाक्य छापलं की प्रत्येक वेळी सुटका होतेच असं नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून 1998 साली एक मारुती झेन चोरीला गेली. 'मालकाच्या जबाबदारीवर' असं पावतीवर छापून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली सांगितलं. पण तिथं हॉटेलच्या माणसानं चावी हातात घेतली होती. आमच्या पोरानं फक्त वीस रुपये घेतले होते.

भाऊंचा मुलगा इंग्लंडात असतो. त्यानं फोनवर सांगितलं की तिकडे हे दान फार दिवस चालायचं. यंत्रात नाणी टाकायची, चिठ्ठी काचेआड ठेवायची, आणि काम लवकर आटोपलं तर जाताना ती नव्या गाडीवाल्याच्या हाती द्यायची. दोघेही दिवसभर खूश. मग तिथल्या पुष्कळ यंत्रांनी आधी गाडीचा नंबर विचारायला सुरुवात केली, तो चिठ्ठीवर उमटू लागला, आणि परोपकार बंद पडला. गंमत अशी की पार्किंग मीटर जन्माला आलं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पहिलं मीटर जुलै 1935 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला बसलं, तासाला पाच सेंट. तुम्ही लवकर निघालात तर उरलेली मिनिटं मीटरवर तशीच राहत आणि मागून येणाऱ्याला आपोआप मिळत. देणाऱ्याला घेणारा दिसत नसे. गुप्तदानाचं इतकं चोख यंत्र आपल्या एकाही देवस्थानाला जमलेलं नाही.

हे झालं वीस रुपयांचं. पण भाऊंचं ते वाक्य, "मले नाही लागत आता", मी आधीही ऐकलं होतं, आणि तेव्हा ते एवढं निरागस नव्हतं. 2017 साली विदर्भात तूर अफाट पिकली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5050 रुपये, खुल्या बाजारात त्याहून पुष्कळ खाली. सगळी तूर सरकारी खरेदी केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली. बारदाना संपला, वजनकाटे थांबले, ट्रॅक्टरांच्या रांगा बाजार समितीच्या बाहेर गेल्या, माणसं पोत्यांवर झोपली. 22 एप्रिलला खरेदी थांबवल्याचं जाहीर झालं आणि मग ओरड झाली. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यांवर स्वस्तात घेतलेली तूर केंद्रांवर घातल्याचे आरोप त्याच वेळचे.

कोणाचा सातबारा असा गेला असेल? ज्याची तूर विकून झाली होती किंवा ज्यानं ती लावलीच नव्हती, त्याचा. त्याला कोणी चोर म्हणून गाठलं नाही. ओळखीच्या माणसानं चहा पाजला आणि म्हटलं, भाऊ, तुमचा सातबारा रिकामाच पडला हाये न, पीकपेऱ्याचं मी पाह्यतो. यानं म्हटलं, घेऊन जा, मले नाही लागत आता. पार्किंगच्या पावतीएवढ्याच मोकळ्या मनानं.

फरक माझ्या मते रांगेत आहे. दवाखान्याच्या आवारात भाऊंनी देऊ केलेल्या पावतीमुळे कोणाचीही गाडी बाहेर राहिली नसती. ठेकेदाराचे वीस रुपये बुडाले असते, आणि दहा पूर्ण दिवसांतला एक बुडाला तर त्याच्या घरची चूल विझत नाही. खरेदी केंद्रावर मात्र काट्यावर चढलेलं प्रत्येक परकं पोतं मागे झोपलेल्या कोणाचं तरी पोतं खाली ढकलत होतं. मास्तरांना हे मान्य नाही. नियम तो नियम, वीसचा असो की वीस क्विंटलचा. भाऊंना विचारलं, तुमच्याकडे कोणी सातबारा मागायला आलं होतं का?

"आलते न. नाही देल्ला."

"का?"

"मांगं माहा साळा झोपला होता पोत्यावर."

मला हे कारण तत्त्वापेक्षा भक्कम वाटतं. मागे कोण झोपलंय हे दिसलं की माणसाला नीती लवकर सुचते. दिसलं नाही की माणूस वाक्यं शोधतो. त्यामुळे पार्किंगच्या पावतीपुरता माझा कौल भाऊंच्या बाजूनं आहे, फक्त गाडी आधी बाहेर काढलेली असावी.

हा कौल घेऊन कोणी बडनेऱ्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या फलाटावर मात्र जाऊ नये. 1989च्या रेल्वे कायद्यात कलम 142 आहे. आपलं आरक्षित तिकीट, परतीच्या तिकिटाचा उरलेला अर्धा भाग किंवा महिन्याचा पास दुसऱ्याला प्रवासासाठी दिला, अगदी फुकट दिला, तरी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तिकीट विकत घेणाऱ्याला किंवा पदरात पाडून घेणाऱ्यालाही शिक्षा आहेच.