एकोणसाठाव्या दिवसाचे भाऊसाहेब

नगरपरिषदेच्या नगररचना विभागात शिरलं की उजव्या हाताला फायलींचा ढीग दिसतो. ढिगामागे नीट पाहिलं तर भाऊसाहेब दिसतात. पद रचना सहायकाचं. पण गावातले झाडून सगळे आर्किटेक्ट त्यांना भाऊसाहेबच म्हणतात, कारण नकाशा त्यांच्या टेबलावर अडलेला असतो.

भाऊसाहेब पैसे खात नाहीत. हीच तर पंचाईत! खाणाऱ्याचा निदान दर तरी कळतो. यांना हवा असतो कागद. सातबारा नेला तर जुना झाला, ताजा आणा. मोजणीचा नकाशा नेला तर हद्द कुंपणाशी जुळत नाही. ती जुळवून आणावी, तर सामासिक अंतर दहा सेंटिमीटर कमी भरतं.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधलं कलम 45 त्यांना तोंडपाठ. अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं. मात्र मध्येच काही विचारलं, की अर्जदाराच्या उत्तरापासून साठ दिवस पुन्हा सुरू. म्हणून भाऊसाहेबांचं त्रुटीपत्र एकोणसाठाव्या दिवशी सुटतं. ‘‘सगळ्या त्रुटी एकदमच सांगा ना,’’ असं एका तरुण आर्किटेक्टनं विनवलं, तर म्हणाले, ‘‘मग पुढच्या वेळी काय सांगू?’’

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. आता घोळ मिटला म्हणून लोकांनी सुस्कारा सोडला. मग सुधारणा आल्या, स्पष्टीकरणं आली. भाऊसाहेबांच्या प्रतीत आता इतक्या चिठ्ठ्या आहेत की ती मिटत नाही. त्यांची भीती खोटी नाही, हेही कबूल करायला हवं. नियम बदलतो मंत्रालयात, चौकशी लागते सही करणाऱ्याची. अर्ज ऑनलाइन झाले, तेव्हा भाऊसाहेबांनी पडद्यावरचा नकाशा मन लावून पाहिला आणि म्हणाले, ‘‘छान. याच्या दोन प्रिंटा आणा.’’

त्यांच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची विनापरवाना इमारत स्पष्ट दिसते. परवा तिचा चौथा स्लॅब पडला. मी तिकडे बोट दाखवलं.

‘‘त्यांची फाइलच नाही आपल्याकडं,’’ भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले, ‘‘त्रुटी काढू कशात?’’

‘‘अहो, पण नोटीस?’’

‘‘ते अतिक्रमणवाल्यांचं काम. वरच्या मजल्यावर. तुमचा जोत्याचा दाखला आणलात का?’’