होडी, एक नग

कतारमध्ये मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की गाव-बीव नंतर, आधी ‘कुठल्या प्रोजेक्टवर?’ हे विचारतो. त्या हिशेबाने माझं बरं चाललं होतं. रास लफानला पाइपांच्या वेल्डिंगची तपासणी हा माझा धंदा. मी नाक मुरडलं की सांधा कापावा लागतो, मी सही केली की त्यातून गॅस जाऊ शकतो. घरी एवढा दबदबा नव्हता, पण नळ गळायला लागला की मंडळी निदान माझ्याकडे बघत. लेकीने शिडाची होडी बांधायची टूम काढली आणि तेवढाही मान गेला.

टूम निघाली कटारामधल्या पारंपरिक होड्यांच्या महोत्सवात. २०११ पासून दर हिवाळ्यात तो भरतो. आखाती देशांतून नाखवे येतात, म्हातारे जाळी विणतात, गाणी होतात. बाकीची मुलं तिथून किचेन घेऊन आली; आमची होडी हवी म्हणून आली. ‘विकत नको बाबा, आपण बांधू.’ हा ‘आपण’ नेमका कोण, हे पुढच्या तीन महिन्यांत हळूहळू उलगडत गेलं.

मी रीतसर अभ्यास केला. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात क्लार्क मिल्स नावाच्या होडीकाराला गावकऱ्यांनी सांगितलं, पोरांसाठी अशी होडी कर की जी आठ बाय चारच्या प्लायवुडमधून निघेल आणि पन्नास डॉलरच्या आत बसेल. त्याने पावणेआठ फुटांची, चपट्या नाकाची होडी केली. तीच ‘ऑप्टिमिस्ट’. आज जगभरची मुलं तिच्यावरच शीड हाकायला शिकतात. दुसरी होडी इंग्लंडची. १९६२ साली ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने सामान्य माणसाला घरच्या घरी बांधता यावी म्हणून ‘मिरर’ काढली. तिला ना फासळ्या, ना सुतारी सांधे. प्लायवुडच्या कापलेल्या फळ्यांना कडेने भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवायच्या, आतून राळ आणि काचकापडाची पट्टी बसवायची, मग तारा छाटायच्या. अशा सत्तर हजारांवर होड्या लोकांनी बांधल्या. आम्ही पहिलीचा आकार आणि दुसरीची शिलाई घ्यायचं ठरवलं.

शिलाई हा शब्द मी आईसमोर उच्चारायला नको होता.

आई त्याच आठवड्यात व्हिजिट व्हिसावर आली होती. तिने दाभोळला आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले. बहामनी काळात ज्या बंदरात अरबस्तानातले घोडे उतरायचे, त्या गावची ती. त्यामुळे आखात म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांचा मुलूख, अशी तिची समजूत आहे. मी अठरा पानी मेथड स्टेटमेंट वाचून दाखवत होतो. ती मधेच म्हणाली, “म्हणजे कापून, टाचून, शिवायचं. एवढंच ना? मग कागदावर बेतलंस का आधी?”

बेतलं नव्हतं. म्हणजे संगणकावर बेतलं होतं. तिने ते धरलं नाही. हॉलमध्ये खाकी कागद पसरले गेले आणि होडीचं पेपर कटिंग झालं. सोफा गच्चीवर गेला.

प्लायवुड आणलं इंडस्ट्रियल एरियातून. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, “मरीन है, साब.” माझ्या व्यवसायात छातीवरच्या हाताला प्रमाणपत्र मानत नाहीत. मरीन प्लायचा डिंक उकळत्या पाण्यात सुटता कामा नये; खरं-खोटं करायचं तर तुकडा उकळावा लागतो. म्हणून मी तुकडा कुकरमध्ये लावला. सात शिट्ट्या झाल्या. ही शाळेतून शिकवून दमून आली, आमटीच्या आशेने झाकण उघडलं आणि काही वेळ नुसती आत बघत राहिली. प्लायचे पदर जसेच्या तसे होते, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. संध्याकाळी फ्रिजवर माझ्याच कंपनीच्या नमुन्यातला नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट चिकटला: ‘त्रुटी : भाताला लाकडाचा वास. उपाय : नवा कुकर. जबाबदार व्यक्ती : स्वतः ओळखावे.’

शिवायचं काम आवारात सुरू झालं. आम्ही थुमामाला एका व्हिलाच्या मागच्या भागात राहतो. आवार सगळ्यांचं, त्यामुळे सल्लेही सगळ्यांचे. त्यात शेजारचे मल्याळी चेटन कोळिकोडचे. तिथून बेपूर हाकेच्या अंतरावर, आणि बेपूरचे सुतार शतकानुशतकं अरबांना सागवानी ‘उरू’ बांधून देत आले आहेत. कतारलाही त्यांची गलबतं येतात. माझा आराखडा बघून चेटन हळहळले. “आमचा मेस्त्री कागद काढत नाही,” म्हणाले. “त्याच्या डोक्यात असतं.” माझ्या डोक्याकडे मात्र त्यांनी मुद्दाम बघितलं नाही.

आई आणि लेक तारेचे टाके घालत होत्या. आई एकसारख्या अंतरावर, लेक मनाला येईल तिथे. मी फीलर गेज घेऊन फटी मोजत होतो. तेवढ्यात चेटननी ‘कौंडिण्य’चा विषय काढला. गोव्यात बांधलेलं हे शिवलेलं जहाज २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. एकही खिळा नाही. फळ्या काथ्याने शिवलेल्या.

“टाके आमच्या केरळच्या कारागिरांनी घातले,” चेटन म्हणाले. बाबू शंकरन हे त्यांचे मुख्य मेस्त्री, हे खरंच आहे.

“आणि बेतलं कशावरून?” आईने तार पिळत विचारलं. “अजिंठ्याच्या चित्रावरून. म्हणजे कटिंग आमचं.”

पाचव्या शतकातल्या चित्राचं श्रेय दाभोळच्या शिवणवर्गाकडे आल्यावर चेटन चहा प्यायला निघून गेले. हा वाद आमच्या आवारापुरता नाही म्हणा. शिवलेल्या जहाजांवर तपासनिसांचं कधीच एकमत नव्हतं. मार्को पोलोने होर्मुझला ती बघितली आणि सरळ नापास केली: लोखंडी खिळे नाहीत, बुडतात, जिवाला धोका. पुढे इब्न बतूता आला. त्याचं म्हणणं, खिळ्यांचं जहाज खडकावर आपटलं की फुटतं, शिवलेलं लवचीक असतं म्हणून तगतं. मी मनाने मार्को पोलोच्या बाजूचा. पण घरात बतूता पक्षाचं बहुमत होतं.

राळेचा दिवस आला तेव्हा मी सगळ्यांना उभं करून टूलबॉक्स टॉक दिला. राळ आणि हार्डनर एकत्र झाले की उष्णता निघते. भांडं खोल असेल तर ती आतच कोंडते आणि मिश्रण आणखी तापतं. हवा गरम तर घाई जास्त. व्याख्यान मुद्देसूद होतं. मुद्दा चारवर असताना पेल्यातून धूर यायला लागला. आईने व्याख्यान न थांबवता पेला माझ्या हातातून घेतला आणि पसरट ट्रेमध्ये ओतला. मुद्दा पाच तोच होता.

शिडाला मात्र मी हात लावायचा नाही, असं आधीच ठरलं. हिवाळ्यात अर्धा देश वाळवंटात तंबू ठोकून राहतो, त्यामुळे तंबूचं हलकं कापड चांगलं मिळतं. माझी समजूत, शीड म्हणजे सपाट चौकोन. आईने कापड हातात घेतलं, लेकीला विचारलं, “वारा भरल्यावर फुगायला हवं ना?” आणि कडेने टक्स घातले. शिडाचा पोट धरणारा आकार कसा साधायचा यावर जाड जाड पुस्तकं आहेत. तिने तो दोन ब्लाउजांच्या अनुभवावर साधला आणि वर झिगझॅग टीप मारली, कारण ‘सरळ टिपेचा दोरा ताणला की तुटतो.’

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची आईची इच्छा होती, पण ऑगस्टमध्ये दोह्यात पाणीसुद्धा बाहेर येऊ पाहत असतं. म्हणून फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार धरला. २०१२ पासून तो राष्ट्रीय क्रीडा दिन. सगळा देश बूट घालून रस्त्यावर असतो. वक्राच्या किनाऱ्यावर गेलो. तिथलं पाणी इतकं उथळ की खूप आत गेलं तरी गुडघ्यापर्यंतच. आईने नारळ सोडला. तो थोडा हिंडून परत तिच्याच पायाशी आला. तिने तो पिशवीत टाकला. संध्याकाळच्या आमटीला खोबरं हवंच होतं.

मी तपासणीचा तक्ता काढला. पण ही होडी मुलांची. मी एक पाय आत ठेवला तेव्हा चपट्या नाकाने पाण्याला वंदन केलं. लेकीने मला उतरवलं, कमरेला दोरी बांधून तिचं दुसरं टोक धरायला दिलं, शीड ओढलं, आणि उत्तरेकडून शमाल लागताच होडी खरोखर, कोणाचीही सही नसताना, चालायला लागली. चेटननी टाळ्या वाजवल्या. हिने फोटो काढले. सगळ्यांत मी दोरीच्या टोकापुरता आहे.

पांढऱ्या थोबमधले एक वयस्क कतारी गृहस्थ नातवाला घेऊन बराच वेळ बघत होते. होडी काठाला आली तशी त्यांनी वाकून सांध्यावरून अंगठा फिरवला आणि अस्सल मुंबईच्या हिंदीत विचारलं, “किसने सिया?” मोत्यांच्या धंद्यात त्यांचे वडील दर वर्षी मुंबईला जायचे, असं कळलं. “मैं छोटा था, तब इधर तुम्हारा रुपया चलता था.” ते खरंच आहे, १९६६ पर्यंत इथे रुपयाच होता.

“फिर भाव रुपये में बताती हूँ,” आई म्हणाली.

नातवासाठी अशीच एक हवी होती. आईने त्याला उभं करून मापं घेतली. कापड गिऱ्हाइकाचं, शिलाई वेगळी, शिडाला रंगीत पट्टा हवा तर त्याचे जास्त. डिलिव्हरी गणपतीनंतर. ते घासाघीस करत होते, ती मान हलवत होती. दोघांनाही मजा येत होती. शेवटी त्यांची नजर दोरी धरून पाण्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे गेली.

“ये कौन है? इंजिनियर?”

“ये?” आई म्हणाली. “ये काज-बटन करता है.”