हॉलवाले साहेब, पक्की पावती द्या



साहेब, माझे नाव तुमच्या लक्षात नसेल, पण 'परीक्षावाली' म्हटले की लगेच ओळखाल. तुमच्या ऑफिसातल्या मुलाने रजिस्टरमध्ये आमच्या बुकिंगपुढे पेन्सिलने हेच लिहून ठेवले होते. तुमचे आणि तुमच्या हॉलचे नाव मी इथे छापत नाही. नायगावपासून विरारपर्यंत तुमच्यासारखे बरेच आहेत, ज्याला पत्र लागू पडते त्याने ते आपलेच समजावे.

आमची ऐपत काय होती ते तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितले होते. बाबा वालीवच्या एका गाळ्यात मशीनवर आहेत. आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला, सकाळी खाडीपलीकडे कॉलेज आणि दुपारी वसई कोर्टात एका वकीलबाईंच्या हाताखाली. त्या देतात ते पैसे फीमध्ये आणि रेल्वेच्या पासात जातात. ज्याच्याशी लग्न ठरले तो एमएस्सी होऊन सेटचा अभ्यास करतोय आणि संध्याकाळी विरारला क्लासमध्ये गणित शिकवतो. दोन्ही घरांचे मिळून अडीच लाख रुपये होते आणि एक रुपयाही कर्ज काढायचे नाही, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवले होते. हे सगळे ऐकून तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "काळजी करू नका ताई, गरिबाच्या लग्नात आम्ही कमावत नाही."

फोनवर भाव होता ऐंशी हजार, सगळे धरून. ऑफिसात आल्यावर त्यातले एकेक बाहेर पडू लागले. एसी तासावर. जनरेटरचे डिझेल वेगळे. साफसफाई वेगळी. वरपक्ष आणि वधूपक्षाच्या खोल्या वेगळ्या. स्टेज तुमच्याच डेकोरेटरचे, बाहेरचा आणला तर त्याच्यावर रॉयल्टी. जेवण तुमच्याच केटररचे आणि माणसे दीडशे आली तरी ताटे कमीत कमी तीनशे. पुढच्या खेपेला आलो तेव्हा पाण्याच्या बाटल्याही वेगळ्या झाल्या होत्या. मी तुमच्या भावपत्रकाचा जेवढा अभ्यास केला तेवढा त्या सत्रात कुठल्याच विषयाचा केला नसेल. कायद्याचे कलम बदलायला संसद लागते, तुम्हाला फक्त पेन लागते.

बाबांनी पक्के बिल मागितले तेव्हा तुम्ही म्हणालात, "पक्कं हवं तर वर अठरा टक्के लागतील, बघा बुवा." पंचवीस हजार रोख मोजून घेतलेत आणि कच्ची पावती फाडून दिलीत. ती आजही माझ्या फाइलमध्ये आहे. गुलाबी पातळ कागद, 'ॲडव्हान्स २५,०००', लग्नाची तारीख आणि खाली एक वेलांटीसारखी सही. हॉलचा शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही, अट एकही नाही.

मग विद्यापीठाचे वेळापत्रक बदलले आणि एक पेपर नेमका हळदीच्या दिवशी आला. दुसरा लग्नाच्याच दिवशी. मी त्याच दिवशी आईला घेऊन तुमच्याकडे आले. अजून दोन महिने हातात होते. पैसे परत मागायला नव्हते आले, फक्त तारीख बदलून मागितली, तीही मधल्या वाराची, जेव्हा तुमचा हॉल रिकामाच असतो. तुम्ही खुर्चीतून उठलाही नाहीत. म्हणालात, "पेपर काय, पुढच्या खेपेला देता येतो. मुहूर्त परत येत नाही." आईकडे वळून पुढे म्हणालात, "मुलीला कुठं जज्ज व्हायचंय?"

साहेब, व्हायचेच आहे. आई त्यावर काही बोलली नाही, हातातल्या पिशवीचे बंद आवळत राहिली. तिने सातवीत शाळा सोडली ती लग्नासाठीच. तिच्यासमोर हे बोलायची तुमची हिंमत कशी झाली, याचे उत्तर मला पंचवीस हजारांच्या आधी हवे आहे.

मी पावतीचे विचारल्यावर तुम्ही पावतीपुस्तक उघडून तुमच्याकडची कार्बन प्रत दाखवलीत. तिच्यावर खाली एक ओळ होती, 'रक्कम परत मिळणार नाही'. बाकी सगळी अक्षरे कार्बनची, फिकट आणि जराशी फिसकटलेली. ही एकच ओळ जेल पेनची, ठसठशीत निळी. माझ्याकडच्या मूळ पावतीवर ती ओळ नाही. कार्बन प्रतीवर जे आहे ते मूळ प्रतीवर नाही, हे कसे घडते ते कोर्टातला शिपाईही सांगेल. मी पुस्तकाचा फोटो काढला, तेव्हा तुम्ही ते खाडकन मिटलेत. फोटो आधीच निघाला होता.

आणि त्या तारखेला, जी 'अडकवून ठेवल्यामुळे आमचं नुकसान झालं' असे तुम्ही म्हणत होतात, तुमच्या फाटकावर दुसऱ्याच जोडप्याच्या नावाची थर्माकोलची पाटी होती. पेपर देऊन येताना रिक्षा तिथूनच गेली. बँड वाजत होता, अक्षता वाटून झाल्या होत्या. एक दिवस तुम्ही दोनदा विकलात. एकदा त्या घराला, ज्यांना हॉल मिळाला, आणि एकदा आम्हाला, ज्यांना काहीच मिळाले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण तुम्ही मला दोनदा म्हणालात की 'नियम म्हणजे नियम'. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचे कलम ७४ म्हणते की करार मोडल्यावर द्यायची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हेच कलम अनामत जप्त करण्यालाही लावले. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात आणखी स्पष्ट केले की नुकसानच झाले नसेल तर अनामत गिळता येत नाही. तुमचे नुकसान काय झाले? त्या दिवशी हॉल भरलेला होता. आणि आमच्या पावतीवर तर जप्तीची अटच नाही.

जेवण तुमच्याच केटररचे घ्यायची सक्ती करता ना, तिच्यासाठीही कायदा आहे. एक सेवा हवी असेल तर दुसरीही घेतलीच पाहिजे, अशी अट म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधकारक व्यापारी प्रथा. बिल न देणे हीही त्याच कायद्याने अनुचित प्रथा आहे. अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील करावाच लागतो असे नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नुसता फोन केला तरी नोंद होते. हे मी तुम्हाला सांगते आहे, पण खरे तर तुमच्या ऑफिसाबाहेरच्या बाकड्यावर पत्रिकेचे नमुने मांडीवर घेऊन बसलेल्या त्या आईबापांना सांगते आहे, ज्यांना तुम्ही आणखी अर्धा तास थांबायला सांगितले असेल.

कारण तुमचा धंदा हॉलवर चालत नाही, लाजेवर चालतो. मुलीचे लग्न तोंडावर असताना कुठलाही बाप भांडत नाही, हे तुम्हाला पक्के माहीत आहे. त्याला वाटते, आता वाद घातला तर त्या दिवशी जेवण कमी पडेल, लाइट जाईल, व्याही बघतील. म्हणून तो मुकाट्याने आणखी पाच हजार काढून देतो. हळदीच्या डीजेचे, दारातल्या कमानीचे, धुराच्या आणि फटाक्यांच्या एन्ट्रीचे भाव तुम्ही असेच चढवता. 'बाकीचे करतात, तुमचंच तेवढं कमी दिसेल', हे तुमचे वाक्य मी शब्दशः ऐकले आहे. अशा एका दिवसासाठी सोसायटीतल्या एका घराने पतपेढीचे कर्ज घेतले आणि त्याच वर्षी धाकट्याचा डिप्लोमाचा प्रवेश सोडून दिला. मुलगा आता वसई फाट्यावर गोदामात माल उतरवतो. त्या डिप्लोमाची फी स्टेजच्या फुलांहून कमी होती.

आपला जिल्हा तुम्ही नुसता महामार्गावरून पाहता. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा वसई-विरारच्या इमारतींबरोबर जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीही या जिल्ह्यात आले. तिथल्या आदिवासी पाड्यांवर लग्नाचा खर्च जमला नाही म्हणून विधीविना वर्षानुवर्षे संसार करणारी जोडपी आहेत. मग कधीतरी सामुदायिक विवाह सोहळा होतो आणि आईबाप स्वतःच्या मुलांना कडेवर घेऊन बोहल्यावर उभे राहतात. वारल्यांच्या लग्नात तर भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवासिनी आणि लग्न लावणारी धवलेरी गावातल्याच बायका असतात, तरीही जेवणाचा आणि कपड्यांचा खर्च निघत नाही. लग्न ही माणसाला न परवडणारी गोष्ट होऊन बसणे किती वाईट आहे, ते इथून दोन तासांवर दिसते. आणि तुम्ही इथे तीनशे ताटांची सक्ती करता, ज्यातली दीडशे रात्री मागच्या गल्लीत टाकली जातात.

तुम्ही शेवटी म्हणाला होतात, "हॉलशिवाय लग्न कुठं होतं का? लोक हसतील." २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. ना भटजी, ना हुंडा, ना थाट. लोक तेव्हाही हसले, जोतीराव फुल्यांनी ते लग्न लावलेच. लोकांच्या हसण्याची भीती दाखवून पैसे काढणारे तेव्हाही होते, म्हणूनच तर तसे लग्न लावावे लागले.

आमचेही लागले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात तीस दिवसांचे वास्तव्य हवे, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचे आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न लावायचे. मधली सगळी मुदत आमची होती. पेपर पुढे सरकला तरी सरकारी कार्यालयाने आम्हाला दंड लावला नाही, मुहूर्ताचे भय घातले नाही, आईला जज्जाचे विचारले नाही. शेवटचा पेपर देऊन, एक रात्र पोटभर झोपून मग मी सही केली.

जेवण आगाशीला, सासरच्या वाडीत. चुलत सासऱ्यांनी मांडव घातला, मोठी पातेली समाजाच्या भांड्यांतून आली, केळीची पाने वाडीतलीच. शेजारच्या काकूंनी आदल्या रात्री वाल सोलायला घेतले तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलीही मांडी ठोकून बसल्या. कुणी सोलता सोलता पुराव्याच्या कायद्याची कलमे म्हणत होते, कारण त्यांचा तोंडी परीक्षेचा दिवस जवळ आला होता. वालाचे बिरडे, पुरी, वरणभात, जिलेबी. माणसे मोजली नाहीत, कुणी उपाशी उठले नाही, आणि पातेल्यांत उरलेले शेजारच्या घरांत गेले. बाबांनी वाढपाचा गमछा खांद्यावर टाकून जिलेबी वाढली. तुमच्या हॉलमध्ये त्यांनी कॅश काउंटरवर उभे राहून रात्र काढली असती. साहेब, सगळे मिळून एक लाख दहा हजारांत झाले. त्यात तुमच्याकडे अडकलेले पंचवीस हजार धरलेले नाहीत. उरलेल्यातून नवऱ्याची सेटची पुस्तके आली आणि माझी सनद काढायची फी बाजूला ठेवली आहे.

हॉल घेणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. नालासोपाऱ्याच्या वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्याला वाडी कुठून मिळणार? त्याला हॉल लागणारच, म्हणून तर तुमच्यावर जास्त जबाबदारी आहे. तुम्हाला धंदा करायचा आहे, जरूर करा. भाव दर्शनी भिंतीवर लावा, एसीपासून झाडूपर्यंत सगळे धरून. अटी पैसे घेण्याआधी छापील द्या, मराठीत. जेवण कुणाकडून घ्यायचे ते घरच्यांना ठरवू द्या. परीक्षा, आजारपण, घरातला मृत्यू अशा कारणासाठी तारीख बदलून द्या, आणि तो दिवस पुन्हा विकला गेला तर पहिल्याचे पैसे पूर्ण परत करा. यात तुमचे दिवाळे निघणार नाही.

माझी नोटीस तुम्हाला पोचली आहे. पोस्टाच्या पोचपावतीवर तुमच्याच ऑफिसची सही आहे, या वेळी शिक्क्यासकट. पंचवीस हजार रुपये पंधरा दिवसांत बाबांच्या खात्यात भरा. आणि आईची माफी मागायला एकदा घरी या, ती दुपारी चारनंतर मशीनवरून उठते. दोन्हीपैकी काहीच झाले नाही तर सोळाव्या दिवशी तक्रार दाखल होईल. गुलाबी पावती, जेल पेनच्या ओळीचा फोटो आणि बदललेले वेळापत्रक मी जोडून तयार ठेवले आहे. त्या दिवशीचा थर्माकोलचा फलकही रिक्षातून टिपला होता, तोही आहे.

आपली,
एक कायद्याची विद्यार्थिनी,
नालासोपारा (पूर्व)