चार माणसं बोलवा!

व्हीलचेअरवरच्या माणसाने क्रूझला जावं का, यावर आपल्याकडे तमाम नातेवाइकांचं एकमत असतं : 'कशाला उगाच त्रास?' त्रास नेमका कोणाला, हे मात्र कोणी सांगत नाही.

खरं तर नव्या प्रवासी जहाजावर बरी सोय असते. लिफ्ट आहे, डेकवर सपाट वाट आहे, थिएटरात खुर्ची लावायला जागाही आहे. अडचण समुद्रात नाहीच मुळी, ती मुंबईच्या क्रूझ धक्क्याच्या, बॅलार्ड पिअरच्या अलीकडे आहे. फुटपाथला जिथे उतार दिलाय, तिथेच मधोमध खांब रोवलेत. मोटारसायकली वर चढू नयेत म्हणे. मोटारसायकली चढतातच, अडते ती फक्त व्हीलचेअर. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाने या खांबांची स्वतःहून दखल घेतली, म्हणजे निदान न्यायमूर्तींना तरी ते दिसले.

रंगीत तालीम हवी तर गेटवेला या. तिथे लाँच एकमेकींना खेटून उभ्या. आपली लाँच तिसरी असेल तर आधीच्या दोन ओलांडायच्या, आणि मधल्या फटीत पाणी डुचमळतंय. खुर्ची दिसली की आरोळी येते, "ए, चार माणसं बोलवा रे!" झाला आपला राष्ट्रीय रॅम्प तयार. दोघे चाकं धरतात, एक पाय धरतो, चौथा नुसत्याच सूचना देतो. चौघांच्या खांद्यावरून जायचा मान बाकीच्यांना आयुष्यात एकदाच मिळतो, यांना जाता-येता.

जहाजवालेही काही संत नव्हेत. साध्या केबिनचं दार पुष्कळदा खुर्चीपेक्षा अरुंद, न्हाणीघराला पाणी अडवणारा उंबरठा. रुंद दाराच्या केबिनी मोजक्याच. लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि बेटावर छोट्या होडीतून जायचं. लाटा असल्या की खुर्चीवाल्याला नम्रपणे सांगितलं जातं, 'आपण डेकवरूनच बेट पाहा.' तिकिटाचे पैसे अर्थात पूर्ण. तरी एक फरक आहे : आणीबाणीत लिफ्ट बंद ठेवायची आणि कोणाला कोणी न्यायचं, हे जहाजावर आधीच ठरवतात. चार माणसं तिथेही लागतात, पण ती ऐन वेळी हाका मारून गोळा करत नाहीत.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा म्हणाल तर 2016 सालचा आहे. सार्वजनिक इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षं 2022 मध्ये संपलीसुद्धा. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगमतेचे नियम बंधनकारक हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. तोवर आपण सारे शिफारशींवरच चढत-उतरत होतो.

तेव्हा क्रूझला खुशाल जा. फक्त बुकिंग करताना केबिनच्या आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी सेंटीमीटरमध्ये, लेखी मागा. 'काळजी नको, आपली माणसं आहेत तिथे' असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका.