मोकळ्या प्लॉटची निगा : नवशिक्यांसाठी सोपे धडे

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली किंवा मुलुंडला तुमच्या नावावर वडिलोपार्जित मोकळा प्लॉट असेल, तर अभिनंदन. वाटणीचा दावा चालू असेल, तर सांत्वन. निकाल लागेपर्यंत तण काढायला भरपूर पावसाळे मिळतील.

साहित्य : विळा, कुदळ, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, भक्कम कुलूप आणि प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स.

धडा १ : ओळखपरेड. पाऊस लागला की पंधरवड्यात प्लॉट हिरवागार होतो. घाबरू नका. पानांच्या तीन जोड्या आणि रात्री त्या मिटणारा तो टाकळा. कोवळा खुडा, लसूण-मिरचीवर परता. स्टेशनबाहेर हाच टाकळा वाट्यावर विकत घेणारे शेजारी तुमच्या प्लॉटवर त्याला ‘जंगल’ म्हणतील. मनावर घेऊ नका.

धडा २ : खरा शत्रू. गाजरासारखी पानं, बारीक पांढरी फुलं : गाजरगवत, ऊर्फ काँग्रेस गवत. १९५५च्या सुमारास त्याची नोंद झाली ती पुण्यात, तेव्हा ते कुणाचं ऐकेल ही अपेक्षा नको. एकेका झाडाला हजारो बिया. अंगाला लागलं तर खाज. फुलोऱ्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटा. मग तिथे टाकळ्याचं बी फेका. तो दाट माजला की गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही. सरसकट सगळं तासून घेणारा मालक पुढच्या वर्षीच्या गाजरगवताला जागा करून देतो.

धडा ३ : सुबाभूळ. बोटाएवढी असतानाच उपटा. ‘राहू दे रे, सावली होईल,’ असं आत्या म्हणेल. दोन-तीन पावसाळ्यांत ती पहिल्या मजल्याला टेकते आणि मग १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आडवा येतो. ‘मी लावलीच नव्हती’ हा युक्तिवाद पालिकेच्या अर्जात कुठल्याही रकान्यात बसत नाही.

धडा ४ : बारमाही तण. हे विळ्याने निघत नाही. आधी रात्रीच्या टेम्पोतून रॅबिट येतं. त्यावर कुणाचा तरी फुटका कमोड, मग टायर, मग चाकं नसलेली रिक्षा आणि शेवटी शेंदूर फासलेला दगड. क्रम ठरलेला आहे. रिक्षापर्यंत हालचाल केलीत तर उपाय आहे. शेंदूर लागल्यावर नुसते हात जोडा. टायरमधलं पाणी मात्र दर आठवड्याला ओता, कारण डेंग्यूचा डास तेवढ्यात तयार होतो आणि नोटीस टायर टाकणाऱ्याला येत नाही, मालकाला येते.

धडा ५ : राखण. प्लॉट कधीही चकाचक करू नका. चकाचक जागा म्हणजे फुकटचं पार्किंग. फाटकापासची पट्टी कापा, दिवाळीच्या रॉकेटांआधी वाळलेलं गवत काढा. पावसाळाभर बाकीचा टाकळा कमरेएवढा वाढू द्या. त्यात टेम्पो घालायला कुणी धजत नाही. अधूनमधून फाटकाशी उभं राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, ‘काल पुन्हा दिसला!’ काय दिसला, ते सांगू नका. अंधेरी-घाटकोपरला लोक साप धरून चालतील. बोरिवली-मुलुंडला नॅशनल पार्क शेजारीच असल्यामुळे बिबट्याही खपतो.