वास घ्या, पुढे चला

झांझिबारची ‘स्पाइस टूर’ म्हणजे इतिहास, शेती आणि स्वयंपाक असं एका दिवसात उरकलेलं तिहेरी पुण्य. गाइड दालचिनीची साल खरवडून नाकाशी धरतो आणि म्हणतो, ‘ओळखा पाहू!’ युरोपीय पाहुणे डोळे मिटून चिंतनात बुडतात. आपली मंडळी ‘दालचिनी’ म्हणून मोकळी होतात आणि भाव विचारतात. मग डोक्यावर झावळ्यांचा मुकुट, फोटो, बक्षिसी.

लवंग मुळात या बेटाची नव्हेच. मोलुक्का बेटांवरची ही झाडं फ्रेंच वसाहतींमार्गे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आली. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने फर्मान काढलं म्हणे: एका माडामागे तीन लवंगा लावा, नाहीतर जमीन जप्त. राबायला अर्थातच गुलाम. त्यांचा बाजार १८७३ साली बंद झाला, गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८९७ साली गेली. एवढं सगळं गाडी वळण घेईपर्यंत सांगून होतं, कारण पिलाव निवत असतो. भारतीय व्यापाऱ्यांची कोंडी झाली म्हणून १९३७ साली काँग्रेसने याच लवंगेवर बहिष्कार घातला होता, त्याला तर तेवढंही वळण मिळत नाही.

जेवणाआधी पाहुण्यांना खवणीवर बसवतात. परदेशी पाहुण्यांची तिरपागडी बैठक हा कार्यक्रमाचा हमखास विनोद. डोंबिवलीच्या काकू बसल्या की तो वाया जातो: खोबऱ्याची वाटी लख्ख, वर सूचना, ‘खवणीला धार लावा हो.’

शेवटी विक्रीचं टेबल. काकू लवंग चिमटीत धरून बोंडं तपासतात.

‘पाव किलो द्या. काड्या काढून.’