अंदाजपत्रकातली जीप

आमच्या घरात हिशेबाच्या दोन वह्या आहेत. एक माझी, दूध-गॅस-विजेची. दुसरी ह्यांची. तिच्या पहिल्या पानावर वर ‘श्री’, खाली ‘जीप : अंदाजपत्रक’ आणि त्याच्या तळाशी दोनदा अधोरेखित केलेली एक रक्कम. ती रक्कम मी इथे सांगत नाही. तिला आयुष्य फारच थोडं लाभलं, आणि गेलेल्यांबद्दल वेडंवाकडं बोलू नये.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, १९८८ची, फलटणकडच्या एका बागायतदाराकडून आलेली. ऊन-पावसात उसाच्या फडावर डबे पोचवणं, निवडणुकीत कर्णे मिरवणं हे सगळं तिनं केलं होतं, आणि मधली काही वर्षं वडापही. ज्यांनी वडापचा प्रवास केलाय त्यांना अधिक सांगायला नको. लहानपणी मामाच्या गावी जाताना मीही अशाच एका जीपमध्ये मागच्या फळकुटावर बसायची, मांडीवर कुणाचं तरी बोचकं, पायाशी कुणाची तरी कोंबडी. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसलेला असे, त्यामुळे ड्रायव्हर अर्धा गाडीत आणि अर्धा सातारा जिल्ह्यात. डिझेल आणि पिकलेल्या पेरूंचा तो एकत्र वास आजही आला, की मला आधी तहान लागते आणि मग सुट्टी लागल्यासारखं वाटतं. तेव्हा ही जीप परसात आली त्या दिवशी मी जो विरोध केला, तो केवळ रीत म्हणून होता.

आता ती पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर टेकून उभी आहे. चाकं उतरवलेली, पुढचे दिवे काढलेले. कवळी काढून ठेवलेल्या आजीसारखी, बोळकी आणि प्रसन्न.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. अंदाजपत्रकातले मोठे आकडे जवळपास बरोबर निघाले. इंजिनाचं काम, क्लच प्लेट, पाटे, टायर, हूड यांचे भाव ह्यांनी चार ठिकाणी विचारून लिहिले होते आणि तेवढेच पडले. घात केला तो यादीतल्या शेवटच्या ओळीनं : ‘किरकोळ’. तिच्यापुढचा आकडा लिहिताना पेन क्षणभरही थबकलं नसणार. तांब्याचे वॉशर, होजच्या क्लिपा, रबरी बुश, गास्केटचा कागद, स्प्लिट पिना. गंजलेल्या बोल्टवर सोडायचं तेल. तेल सोडूनही तुटलेला बोल्ट. त्याचं आत अडकलेलं खोड काढायचं हत्यार. ते हत्यारही आतच तुटल्यावर लेथवाल्याकडची फेरी, आणि लेथवाला जेवायला गेला असेल तर समोरच्या टपरीवरचे दोन चहा. हे सगळं किरकोळच. मोठा खर्च पाहुण्यासारखा दारातून, आधी कळवून येतो. हा मात्र फटीतून येतो आणि घर आपलंच समजतो.

त्यात पान्यांचं प्रकरण. ह्या जीपचं अंग विलीजच्या वंशातलं, म्हणजे अमेरिकन, इंचांत मोजलेलं. आणि इंजिन प्यूजोचं, म्हणजे फ्रेंच, मिलिमीटरचं. साडेचार सुताच्या बोल्टचं माप भरतं १४.२९ मिलिमीटर. त्यावर १४चा पाना चढत नाही, १५चा चढतो पण नुसता गरगरतो आणि बोल्टचे कोपरे गोल करून ठेवतो. म्हणून पान्यांचे दोन संच हवेत. असा आंतरराष्ट्रीय विवाह टिकवायला दोन्ही भाषा बोलणारं माणूस घरात लागतं, आणि त्याची किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते.

खरं तर दोष ह्यांचा नाहीच, तो गाडीच्या रक्तातला आहे. १९४० साली अमेरिकन लष्करानं कारखानदारांना अशी गाडी मागितली तेव्हा तिचं वजन १,३०० पौंडांच्या आत हवं, असं कागदावर घातलं होतं. कुणालाच ते साधेना. शेवटी लष्करानं मर्यादा वाढवत २,१६० पौंडांवर नेली, आणि विलीजची गाडी त्यातही बसेना. मग म्हणे त्यांनी बोल्टांची फाजील टोकं कापली, रंगाचाही एकच हात दिला, तेव्हा कुठे काटा जागेवर आला. पुढे १९४७ मध्ये त्याच घराण्याच्या जीपा मुंबईत महिंद्रांकडे जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे जिचा जन्मच अंदाज चुकण्यातून झाला, तिच्यासाठी बिनचूक अंदाज बांधायचा म्हणजे वाऱ्याचं बारसं करण्यासारखं आहे.

सरकारी खर्चाची ओळ वेगळी. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० मध्येच थांबली होती. माणूस काय नि जीप काय, म्हातारपण महागच पडतं. रंगाचीही तीच गत. ह्यांच्या डोळ्यांसमोर कित्येक वर्षं लष्करी हिरवी जीप उभी होती, आणि नियम सांगतो, तो ऑलिव्ह हिरवा फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा. ह्यांनी ते वाचलं आणि संध्याकाळभर काही बोलले नाहीत. मग रंगाच्या डब्यांचं पुस्तक उघडून विचारलं, ‘‘अगं, हा शेवाळी म्हणायचा की नाही?’’

यादीत एक ओळ आहे, ‘मजुरी : ०’. तिच्याजवळ मी नेहमी थांबते. दर रविवारी हे परसात माझ्या जुन्या परातीत डिझेल ओततात आणि बेअरिंग धुतात, दाढीच्या ब्रशनं, एकेक गोळी फिरवून. हाताची रेष न् रेष काळी झालेली असते, आणि तोंडानं कसलंसं गुणगुणणं चालू. ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून घरात हा आवाज नव्हता. याचा दर काय लावायचा, ते मला ठरवता आलेलं नाही.

परवा पुण्यात होते तेव्हा बुधवारच्या जुन्या बाजारात गेले. एका गोणपाटावर जीपच्या डॅशबोर्डचा गोल अँमीटर दिसला, काच शाबूत, काटा जिवंत. भरपूर घासाघीस केली आणि ती रक्कम माझ्या वहीत ‘आहेर’ म्हणून मांडली. घरी आल्यावर ह्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून मागचे स्क्रू पाहिले, बराच वेळ.

‘‘याला आता नव्या वायरी ओढाव्या लागतील,’’ म्हणाले, आणि वही आणायला आत गेले.